इकडचा अणू, तिकडचा अणू

बेलूर म्हटले की कोणालाही हासन जिल्ह्यातले होयसळांचे देऊळ आठवते. आमचे बेलूर ते नव्हे. धारवाडहून बेळगावकडे निघाले की पुणे-बंगळूर रस्त्यावर हायकोर्टाची इमारत लागते, मग 'वाल्मी' ही पाणी आणि जमीन यांचे शिक्षण देणारी संस्था, आणि मग कारखान्यांच्या शेडा सुरू होतात. हे आमचे बेलूर. इथे शिल्प नाही, शिखर नाही. आहेत ते बसगाड्यांचे सांगाडे, पत्र्याचे ढीग आणि पाळी सुटली की रस्त्यावर पसरणारी सायकली-मोटारसायकलींची रांग. 2016 साली धारवाडला आयआयटी आली ती आधी याच वाल्मीच्या आवारात भरत होती. 2023 मध्ये तिला चिक्कमल्लिगवाडला स्वतःचे घर मिळाले. म्हणजे काही वर्षे देशातले हुशार विद्यार्थी आणि कंत्राटी कामगारांची पोरे एकाच टपरीवर चहा पीत होती. या दुसऱ्या प्रकारच्या एका पोरीविषयी मला लिहायचे आहे. खरे तर तिच्याविषयी नव्हे, तिच्या वहीविषयी.

माझे शिक्षण खानापूर भागात मराठी शाळेत झाले, कॉलेज धारवाडला इंग्रजीतून आणि पुढची तीस वर्षे नोकरी केली ती कन्नड माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान शिकवण्याची. सीमाभागात हे काही नवलाचे नाही. आमच्याकडे एकाच माणसाच्या तोंडात तीन भाषा असतात आणि तो त्या तीन खिशांसारख्या वापरतो: पैसे एका खिशात, किल्ल्या दुसऱ्यात, रुमाल तिसऱ्यात. बेंद्रे मास्तरांच्या घरची भाषा मराठी, आणि 1973 चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले ते कन्नड कवितेसाठी. जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवीत आणि कथा मराठीत लिहीत. ही मोठ्यांची उदाहरणे झाली. लहानांची कोणी सांगत नाही.

2022 च्या पावसाळ्यात आमच्या घरामागच्या खोल्यांत गडहिंग्लजकडचे एक कुटुंब राहायला आले. नवरा बसची बॉडी बांधण्याच्या कामावर, बायको चार घरी स्वयंपाकाला, आणि एक मुलगी नववीत. बायकोचे माहेर संकेश्वराकडचे, त्यामुळे मुलगी आजोळी कन्नड ऐकत वाढलेली. बाजारात घासाघीस करण्याइतके, मैत्रिणीशी भांडण्याइतके कन्नड तिला उत्तम येत होते. लिहायला मात्र ती आठवीच्या सुट्टीत शिकली. आठवीपर्यंतची सगळी शाळा मराठीत, आणि जवळचे हायस्कूल कन्नड. जूनमध्ये नाव घातले, ऑगस्टमध्ये पहिली चाचणी झाली. विज्ञानात वीसपैकी तीन.

तिची आई माझ्याकडे आली ती साखर मागायच्या निमित्ताने. बसली, पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली आणि मग म्हणाली, "पोरीचं काय खरं न्हाई बघा काकू. सर म्हनत्यात, सायन्स तिच्या डोक्यात शिरत न्हाई. ह्यांचं म्हननं, गावाकडं आज्जीपाशी सोडूया. तितं मराठी शाळा हाय."

आज्जी अंथरुणावर होती, हे मला ठाऊक होते. चौदा वर्षांची नात अंथरुणावरच्या आज्जीपाशी जाते तेव्हा शाळा नावाला उरते. आईलाही ते ठाऊक होते. नाहीतर ती साखर मागायला आलीच नसती.

मी म्हटले, "पेपर घेऊन पाठव तिला."

मुलगी आली. दारातच उभी राहिली. मी पेपर वाचायला घेतला आणि, खोटे कशाला सांगू, पहिले पान संपायच्या आत माझी झोप उडाली.

पहिला प्रश्न होता, 'अणु' म्हणजे काय? तिने तोडक्यामोडक्या कन्नडमध्ये लिहिले होते: मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण, जो रासायनिक क्रियेत भाग घेतो. शेजारी तांबडी फुली. दुसरा प्रश्न, वायुरूपात असलेल्या दोन 'धातूं'ची नावे लिहा. उत्तराची जागा कोरी. तिसरा, 'क्षारा'च्या द्रावणात लाल लिटमस बुडवला तर काय होते? तिने लिहिले होते, काही होत नाही. पुन्हा फुली.

मी विचारले, "दुसऱ्याचं उत्तर का नाही लिहिलंस?"

ती म्हणाली, "बाई, धातू वायू कसा असेल? पारा तेवढा पातळ असतोय. वायू असलेला धातू मला म्हाईत नाही."

सुजाण वाचकांच्या एव्हाना ध्यानात आले असेल. ज्यांच्या घरी एक मूल मराठी शाळेत आणि दुसरे कन्नड शाळेत जाते त्यांना तर नक्कीच. मराठीत 'धातू' म्हणजे लोखंड, तांबे, जस्त. कन्नड विज्ञानात 'धातु' म्हणजे आपले मूलद्रव्य. लोखंड-तांब्याला ते 'लोह' म्हणतात. तेव्हा कन्नड पुस्तकाच्या हिशेबाने प्राणवायू हा 'धातु' आहेच! मराठीत 'क्षार' म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगातून होणारा पदार्थ, मिठासारखा. कन्नडमध्ये त्याला 'लवण' म्हणतात आणि 'क्षार' म्हणजे पाण्यात विरघळणारा आम्लारी, ज्याला आपण अल्क म्हणतो. मिठाच्या पाण्यात लाल लिटमस बुडवला तर खरोखरच काही होत नाही. आणि राहिला अणू. मराठीत ॲटमला अणू आणि मॉलिक्यूलला रेणू. कन्नडमध्ये ॲटमला 'परमाणु' आणि मॉलिक्यूलला 'अणु'. एकच शब्द, एकाच संस्कृतातून आलेला, नदीच्या या काठाला एक अर्थ आणि त्या काठाला दुसरा.

म्हणजे मुलीने तिन्ही प्रश्नांना बरोबर उत्तरे दिली होती. वायुरूप धातूच्या जागी कोरा कागद, हे तर मराठी शाळेत शिकलेल्या मुलीचे सर्वांत बरोबर उत्तर होते. जिला धातू कळले नव्हते अशी कुणी असती तर तिने काहीतरी ठोकून दिले असते.

परका शब्द मुलाला अडवतो, पण फसवत नाही. 'इंगाल' हा शब्द दिसला तर मराठी मूल थांबते, विचारते आणि कळते की इंगाल म्हणजे कार्बन. (आपल्या इंगळाचाच तो भाऊ.) ओळखीचा शब्द थांबू देत नाही. तो वेशीवर मामासारखा हसत उभा असतो आणि मूल त्याचा हात धरून सरळ दुसऱ्याच गावाला जाते.

हे घडले कसे, याचा मी त्या रात्री पुन्हा एकदा विचार केला. वैशेषिक दर्शनात कणादाच्या परंपरेने एक शिडी सांगितली आहे. सर्वांत खाली परमाणू, ज्याचे आणखी तुकडे होत नाहीत. दोन परमाणू मिळून द्व्यणुक. तीन द्व्यणुके मिळून त्र्यणुक, त्यालाच त्रसरेणू म्हणतात. कवडशात नाचताना दिसणारा धुळीचा कण तो हाच. डोळ्याला दिसणारी ही पहिली पायरी. कन्नड पंडितांना आधुनिक रसायनासाठी शब्द हवे होते तेव्हा त्यांनी, हिंदीप्रमाणेच, शिडीचा खालचा भाग उचलला: परमाणु आणि अणु. मराठीने वरचा उचलला: अणू आणि रेणू. आपल्याकडे अणुरेणू ही जोडी तुकोबांच्या अभंगापासून घराघरात बसलेली, तेव्हा तीच जवळची वाटली असणार. शिडी एक, धरलेल्या पायऱ्या वेगळ्या. दोघांचेही चूक नाही. एक खुलासा मात्र करायला हवा. कणादाचा परमाणू पृथ्वी, जल, तेज, वायू यांचा होता आणि तो तर्काने काढलेला होता; तराजूने नव्हे. आजच्या अणूचे तो नाव पुरवतो, नकाशा नाही. दिवाळी अंकांतून या बाबतीत फार फुशारकी मारली जाते, म्हणून सांगितले.

बरे, भाषा एक असती तर गोंधळ झाला नसता का? तसेही नाही. डाल्टनने 1808 मध्ये आपला अणुसिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला, पण त्याच्या लेखी पाणी म्हणजे हायड्रोजनचा एक अणू आणि ऑक्सिजनचा एक. 1811 मध्ये इटलीच्या आव्होगाड्रोने सुचवले की हायड्रोजन वायूचा सुटा कण दोन अणूंचा असावा, म्हणजे अणू वेगळा आणि रेणू वेगळा. त्याच्याकडे जवळजवळ पन्नास वर्षे कोणी लक्ष दिले नाही. त्याचे लिहिणेही सोपे नव्हते: अणू आणि रेणू दोहोंसाठी तो 'मॉलिक्यूल' हाच शब्द पुढे विशेषणे लावून वापरीत असे. 1860 मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूह या गावी युरोपभरचे रसायनशास्त्रज्ञ जमले, ते मुख्यतः अणू कशाला म्हणायचे आणि रेणू कशाला हे ठरवण्यासाठी. तिथे कानिझारोने आव्होगाड्रोची बाजू मांडली आणि मग हळूहळू धुके हटले. दाढीवाल्या विद्वानांना पन्नास वर्षे लागली ते बेलूरच्या पोरीला दोन महिन्यांत जमायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या शाळेत गेले. सर तरुण होते, वर्गात सत्तर मुले. मला 'अक्कोरे' म्हणून खुर्ची दिली. मी मराठीतले अर्थ सांगितले तेव्हा ते पेपर हातात धरून बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पुस्तकदाग परमाणु अंत ऐतिरी. नानु एन माडली?" पुस्तकात परमाणू आहे, मी काय करू? प्रश्न खरा होता. परीक्षेच्या कागदावर मुलीची मातृभाषा तपासायला कोणी येत नाही. गुण त्यांनी वाढवले नाहीत आणि मीही मागितले नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांनी तिला "शिरत नाही" म्हणणे सोडले, आणि तेवढ्यावर मी घरी आले.

मग वही सुरू झाली. दोनशे पानांची, मधोमध पट्टीने रेघ. डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड, आणि उजवीकडचे कन्नड लिपीत. मी आधी म्हटले होते की फक्त अवघड शब्द लिही. ती म्हणाली, "अवघड नकोत बाई, सारखे दिसणारे लिहू. तेच चावतात." तिच्या या एका वाक्याची मला शिकवण्याच्या तीस वर्षांत गरज होती.

असे शब्द निघत गेले. आपले वस्तुमान ते कन्नडमध्ये 'राशि'. 'परमाणु राशि' वाचून ती खो खो हसत सुटली. "बाई, अणूला रास असते? कन्या की तूळ?" मी म्हटले, "तूळच. तोलूनच काढलीय ती." संयुग तिकडे 'संयुक्त'. मिश्रण मात्र दोन्हीकडे मिश्रण; त्या ओळीपुढे तिने एक फूल काढले. समीकरण संतुलित करणे याला कन्नडमध्ये 'सरिदूगिसु' म्हणतात, त्यात तोलणे आहे. दोन्ही पारडी सारखी करायची. मला विचाराल तर हा शब्द आपल्या 'संतुलित'पेक्षा सरस आहे. बाजारात जाणाऱ्या कोणालाही तो कळतो. उलट ऑक्सिजनच्या बाबतीत आपली सरशी. कन्नडमध्ये तो 'आम्लजनक', म्हणजे आम्ल निर्माण करणारा. लाव्हाजिएने ठेवलेल्या नावाचे हे सरळ भाषांतर. त्याची समजूत होती की प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच. पुढे डेव्हीने 1810 च्या सुमारास दाखवून दिले की मिठाच्या आम्लात ऑक्सिजन नाही, फक्त हायड्रोजन आणि क्लोरीन आहे. समजूत गेली, नाव राहिले, फ्रेंचमध्ये, जर्मनमध्ये आणि कन्नडमध्येही. आपला 'प्राणवायू' या भानगडीत पडला नाही. तो फक्त श्वासाचे बोलतो.

तिचे वडील सुट्टीच्या दिवशी ओट्यावर बसून हे ऐकत. एकदा म्हणाले, "आमच्याकडं खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश. हितं काय म्हनत्यात?" मुलीने उजवा रकाना वाचून दाखवला: सारजनक, रंजक, पोट्याश. "आणि आकडं?" आकडे तेच. दहा-सव्वीस-सव्वीस दोन्ही राज्यांत दहा-सव्वीस-सव्वीसच असते. त्यांना याचे फार बरे वाटलेले दिसले. चिन्हांचेही तसेच. सोडियमला एन-ए, लोखंडाला एफ-ई; बर्झेलियसने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॅटिन नावांची आद्याक्षरे धरून ही पद्धत पाडली. ती ना मराठी, ना कन्नड. मी मुलीला सांगितले की शब्दाविषयी शंका आली तर शेजारी चिन्ह लिहून टाक, तपासणारा कोणीही असो.

शब्दांवर मात्र मी फार वेळ घालवू दिला नाही. रसायन हातात घेतल्याशिवाय समजत नाही, हे माझे जुने वेड आहे. ऑक्टोबर होता, दिवाळी तोंडावर. त्यांच्या खोल्यांना मालकाने चुना लावायचे ठरवले आणि अंगणात चुनकळीची पोती येऊन पडली. कन्नडमध्ये चुना म्हणजे सुण्ण. मी मालकाला म्हटले, पाणी घालायच्या वेळी आम्हाला हाक मारा. पिंपात दगडासारखे पांढरे खडे, वरून बादलीने पाणी, आणि विस्तव नसताना पिंप उकळू लागले. मुलगी चार पावले मागे सरली. (तेच बरे. चुनकळीचा शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. मुलांना दूरच ठेवावे.) वाफ ओसरल्यावर आम्ही ओट्यावर बसून हिशेब मांडला. चुनकळी 56 ग्रॅम, पाणी 18 ग्रॅम, विरलेला चुना 74 ग्रॅम. छप्पन आणि अठरा चौऱ्याहत्तर. ती म्हणाली, "मग ती उष्णता कुठनं आली? तिचं वजन कुठं धरलं?" ती अणूंच्या जुन्या जोड्या सुटून नव्या बांधल्या जाताना बाहेर पडली, आणि तिचे वजन घरातल्याच काय, कुठल्याही प्रयोगशाळेतल्या तराजूला लागत नाही, असे मी सांगितले. हा प्रश्न मला तीस वर्षांत फार थोड्या मुलांनी विचारला होता.

चुना भिंतीवर चढला आणि गोष्ट पुढे गेली. भिंत वाळते तेव्हा नुसते पाणी उडत नाही. चुना हवेतला कार्बन डायॉक्साइड हळूहळू ओढून घेतो: 74 ग्रॅम चुना आणि 44 ग्रॅम वायू, त्यातून 100 ग्रॅम चुनखडक आणि 18 ग्रॅम पाणी. आणि भट्टीत तोच 100 ग्रॅम चुनखडक भाजला की 44 ग्रॅम वायू उडून 56 ग्रॅम चुनकळी उरते. म्हणजे बागलकोटकडचा खडक भट्टीत जातो, चुनकळी होऊन पोत्यातून येतो, पिंपात उकळतो आणि दिवाळीला आमच्या भिंतीवर बसून पुन्हा खडक होतो. मुलीने वहीत याचे गोल चित्र काढले, बाणांवर आकडे. अणू तेच, फक्त सोबती बदलत जातात, हे तिच्या तोंडून आले; मी सांगितले नव्हते.

पिंपाच्या तळचा चुना पाण्यात कालवून, रात्रभर ठेवून वरचे निवळ पाणी काढले. चुन्याची निवळी, कन्नडमध्ये सुण्णद तिळिनीरु. दोन्ही शब्दांत स्वच्छ होणे आहे. ती काचेच्या पेल्यात घेऊन पपईच्या देठाच्या नळीने मुलीने फुंकर घातली. निवळी दुधासारखी झाली. इथवर सगळ्या शाळांत होते. पण तिने थांबायचे सोडून फुंकणे चालूच ठेवले, गाल लाल होईस्तोवर, आणि दूध पुन्हा निवळू लागले. "बाई, गेलं!" कुठे गेले? गेले नव्हते, विरघळणाऱ्या रूपात बदलले होते. जास्तीचा वायू मिळाला की चुनखडीचे बायकार्बोनेट होते आणि ते पाण्यात दडून बसते. आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि तपेल्याला पांढरा थर बसतो, तो याच दडलेल्याचा. उकळले की ते बाहेर येते. आपल्या पुस्तकात अशा पाण्याला 'दुष्फेन' असे भारदस्त नाव आहे. कन्नडमध्ये सरळ 'गडसु नीरु', कडक पाणी. तिच्या आईने मधेच डोके घालून विचारले, "मग डाळीत चिमूट सोडा टाकत्यात त्यो ह्याच्याचसाठी व्हय?" अगदी त्याचसाठी.

वडिलांची पाळी गंजाच्या धड्याला आली. गंजलेला खिळा आधीपेक्षा हलका की जड, असे पुस्तकात नव्हते, मीच विचारले. मुलगी म्हणाली, हलका, कारण तो खाल्ला जातो. वडील म्हणाले, "न्हाई. गंज खरवडला तर हलका. तसाच ठेवला तर जड. त्यात हवा जाऊन बसलीया." रोज पत्रा हाताळणाऱ्या माणसाचे हे ज्ञान. मग त्यांनीच जस्ताच्या थराचे सांगितले: पत्र्यावर ओरखडा गेला तरी लोखंड लगेच गंजत नाही, कारण आधी जस्त झिजते. मुलीने लिहिले, जस्त, उजवीकडे 'सतु'. आणि वडील उठून आत गेले. त्यानंतर गडहिंग्लजचा विषय त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही.

कोणी म्हणेल, हे सगळे कन्नड शाळेमुळे झाले. तसे म्हणणाऱ्यांनी धारवाडचा इतिहास वाचावा. एकोणिसाव्या शतकात, मुंबई इलाख्याच्या अमलात, या गावच्या सरकारी शाळांत मराठीचा वरचष्मा होता आणि कन्नड घरची पोरे मराठीतून शिकत. त्यांच्यासाठी कन्नड शाळा निघाव्यात म्हणून डेप्युटी चन्नबसप्पांसारख्यांना झटावे लागले, आणि 1890 मध्ये इथेच कर्नाटक विद्यावर्धक संघ उभा राहिला. 1956 मध्ये धारवाड म्हैसूर राज्यात गेले आणि पारडे दुसरीकडे झुकले. तेव्हाही कोण्या कन्नड पोराने ओळखीच्या शब्दाचा हात धरला असेल आणि दुसऱ्याच गावाला गेले असेल. त्याची वही कोणी जपून ठेवलेली नाही. आणि शब्दांचे म्हणाल तर कन्नड पाठ्यपुस्तक परमाणूला परमाणू म्हणत असले, तरी कन्नड वर्तमानपत्रे कैगाच्या वीजकेंद्राला 'अणु' विद्युत केंद्रच लिहितात. 2018 च्या अखेरीस त्याच्या पहिल्या संचाने न थांबता 962 दिवस चालण्याचा विक्रम केला तेव्हा मुलीच्या भाषेतला अणू आणि कन्नड मथळ्यातला अणू एकच होता. तिला मी हे कात्रण दाखवले. ती म्हणाली, "म्हणजे त्यांचंबी ठरलेलं नाही."

नववीच्या वार्षिक परीक्षेत तिला विज्ञानात पासष्ट टक्के पडले. दहावीत त्याहून जास्त. आकड्यांचे कौतुक मला नाही, पण ज्या दिवशी दहावीचा निकाल लागला त्या दिवशी तिच्या आईने मागच्या वेळची साखर वाटीने परत आणून दिली. वर दोन पेढे.

ती वही आता नुसती तिची राहिलेली नाही. निपाणीकडून आलेल्या एका मुलाने ती उतरवून घेतली, आणि त्याच्या धाकट्या बहिणीने त्याच्यावरून. उतरवताना दोन ठिकाणी चुका झाल्या होत्या, त्या मुलीनेच जाऊन दुरुस्त केल्या. सरांनीही एकदा वही मागवून घेतली आणि आठ दिवस ठेवून परत केली. उजव्या रकान्यात तीन शब्द त्यांच्या अक्षरात वाढलेले होते.

पुढे 2024 मध्ये ती पीयूसीला गेली, विज्ञान शाखा, सगळे इंग्रजीतून. पहिल्याच आठवड्यात वही घेऊन आली. पट्टीने तिसरा रकाना पाडलेला. डावा आणि उजवा भरगच्च, आणि तिसऱ्यात नुकते ॲटम, मॉलिक्यूल, एलिमेंट, मेटल असे चढलेले. पहिल्याच धड्यात तिला एक शब्द भेटला होता, 'मोल'. ठरावीक संख्येने कण मोजण्याचे ते माप, 6.022 गुणिले दहाचा तेविसावा घात. तीन रकान्यांत तिने तिन्हीकडे 'मोल'च लिहिले होते आणि पुढे प्रश्नचिन्ह.

"तिन्हीकडं एकच शब्द? यात काहीतरी फसवाफसवी असणार," ती म्हणाली. "मराठीत मोल म्हणजे किंमत. कन्नडमध्ये मोल म्हणजे ससा. हा कुठला?"

मी म्हटले, तिसराच. बस, सांगते. आणि तांदळाच्या डब्यातून एक मूठ ताटात काढली.